न दिसलेली फटाकडी

चष्म्याच्या दुकानात माणूस थोडंफार खोटं बोलला तर चालून जातं. 'ही फ्रेम तुमच्या चेहऱ्याला शोभते' हे वाक्य दुकानदार दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो, आणि समोरच्यालाही ते तेवढ्यापुरतंच हवं असतं. तळ्यावर मात्र तसं चालत नाही. तिथे कोणी 'पाहिला' म्हणालं की पाहिला. साक्षीदार नाही, शपथ नाही. पाखरू कधीच उडून गेलेलं असतं आणि मागे राहतो तो फक्त शब्द. आपल्या चष्मेवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही त्या वसंतात त्याची जीभ घसरली.

त्याला तळ्याचा नाद लावला तो त्याच्या मेहुण्याने, बायकोच्या थोरल्या भावाने. त्यांना सगळेच दादा म्हणत. दादांची उभी हयात क्रेनच्या केबिनमध्ये गेली होती. तिथून खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी, आणि समोर बघितलं तर डोळ्याला डोळा भिडवून तरंगणाऱ्या घारी. डबा खाताखाता घारी बघायची सवय लागली. घारींवरून ते बगळ्यांवर आले, बगळ्यांवरून बदकांवर, आणि निवृत्त होईपर्यंत गावाभोवतालच्या तळ्यांवरचं पाखरू न पाखरू त्यांच्या ओळखीचं झालं होतं. बायको गेल्यावर तर तळं हेच त्यांचं घर झालं. घरी ते नुसते झोपायला येत.

दोघांचा दरवर्षीचा खेळ ठरलेला होता. एक जानेवारीला दोघांचीही पाटी कोरी. त्या दिवशी खिडकीत बसलेला साधा कावळासुद्धा नवा. मग वर्षभरात जो जास्त जाती पाहील तो जिंकला. हरणाऱ्याने वर्षाच्या शेवटच्या दिवशी जिंकणाऱ्याचे चिखलाने माखलेले बूट धुऊन, पॉलिश करून द्यायचे. चष्मेवाल्याचा हात दादांच्या बुटांवर इतका बसला होता, की बायको म्हणायची, "दुकान बुडालं तरी चिंता नाही, तुमच्या हातात दुसरा धंदा तयार आहे." तो हसायचा. पण दरवर्षी ते हसू जरा जरा आंबट होत गेलं.

त्या वर्षी मात्र वसंत लागला तेव्हा दोघं बरोबरीत होते. वसंत म्हणजे या खेळाचा खरा हंगाम. थंडीत आलेली बदकं अजून पुरती निघालेली नसतात, उन्हाळ्याचे पाहुणे यायला लागलेले असतात, आणि मधल्यामध्ये लांबचे वाटसरू एखाद्या सकाळी टेकून पुढे जातात. पुढे निघून जायची ही संधी आहे, असं चष्मेवाल्याला वाटत होतं. ही संधी आपल्याला का मिळाली, हेही त्याला माहीत होतं. दादांच्या बहिणीला माहीत नसलेली गोष्ट त्याला माहीत होती.

थंडीत दादा नंबर तपासायला दुकानात आले होते. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचताना ते ओळीच्या कडेची अक्षरं बरोबर सांगत आणि मधलं गाळत. चष्मेवाल्याने बारीक चौकटी छापलेला कागद त्यांच्यापुढे धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. दादा म्हणाले, मधल्या चौकटी कोणीतरी मुठीत धरून चुरगळल्यासारख्या दिसतात. त्याने भिंगं बदलून बघितली, पण हे भिंगाचं दुखणं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्यावर नेमका मध्यभागी डाग धरलाय. ठराविक काळाने डोळ्यात इंजेक्शन घेतलं तर तो थोपवता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. वादळवाऱ्यात क्रेनच्या शिडीवर चढणारे दादा त्या सुईच्या नावाने पांढरेफटक पडले. शेवटी वसंतातली एक तारीख घेतली आणि चष्मेवाल्याला अट घातली, की बहिणीला कळता कामा नये, ती रडून घर डोक्यावर घेईल.

तर अशी सगळी परिस्थिती. एका सकाळी चष्मेवाला एकटाच गिरणीमागच्या तळ्यावर गेला होता. या तळ्याच्या एका कोपऱ्यात पाणकणसांचं दाट बेट आहे. तिथे तो बराच वेळ दुर्बीण लावून बसला. एकदा बुडाशी काहीतरी हललं. तपकिरी, बारकं. उंदीर असेल, वाराही असेल. पुन्हा काही हललं नाही. तो उठला आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आला. तिथे दादा बसले होते आणि शेजारी निवृत्त नर्सबाई होत्या. त्याही जुन्या पक्षीवाल्या. सकाळी तळ्यांवर फिरून आलेले सगळे याच टपरीवर जमत.

"काय भाऊजी, आज काय? तेच आपले बगळे?" दादांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी धरणाच्या तळ्यावर आपल्याला दिसलेल्या कैकराची गोष्ट पुढे सुरू केली. मासा धरायला तो पाण्यावर कसा झेपावला, पाय कसे पुढे काढले. नर्सबाई मान डोलवत होत्या. चष्मेवाल्याचा चहा आला तरी गोष्ट संपेना.

"फटाकडी," चष्मेवाला म्हणाला.

गोष्ट थांबली. फटाकडी म्हणजे मुठीत मावेल एवढी पाणथळीतली चिमुकली पाणकोंबडी. नावात फटाका, पण स्वभावाने इतकी लाजरी की पाणकणसांच्या बुडातून बाहेर म्हणून यायची नाही. वाटसरूंबरोबर येते, दोन दिवस चिखलात लपते आणि निघून जाते. दादांनी ती उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

त्या क्षणी कोणी शंका घेतली असती, कोणी थट्टा केली असती, तर चष्मेवाल्यानेही हसून 'छे हो, उंदीर होता' म्हणून टाकलं असतं. पण दादा उठले, जवळ आले आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाले, "नशीबवान आहात हो." त्यांच्या आवाजात हेवा नावालाही नव्हता. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. चोच कशी होती, शेपटी कशी धरली होती, पाठीवर पांढरे ठिपके दिसले का? चष्मेवाल्याने पुस्तकातलं चित्र आठवून सगळं सांगितलं. चित्र चांगलं होतं, त्यामुळे वर्णनही चांगलं झालं.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी बाकीची तळी सोडली. उजाडायच्या आत ते पाणकणसांच्या बेटाशी जाऊन उभे राहत. बसलं तर दिसायचं नाही म्हणून उभे, आणि लांबून दिसायचं नाही म्हणून घोट्याएवढ्या चिखलात. धरणाच्या तळ्यावरून तलवार बदकं निघून गेली. दरवर्षी दादा त्यांना निरोप दिल्यासारखे शेवटच्या थव्यापर्यंत जात, या वर्षी ते गेले नाहीत. खाणीतल्या पाण्यावर शेकाटे उतरल्याची बातमी आली. लाल लांब पायांचे, पांढऱ्या अंगाचे, काळ्या पंखांचे, आंधळ्यालाही दिसावेत असे. नर्सबाईंनी निरोप धाडला, पण दादा म्हणाले, शेकाटे काय, पुढच्या वर्षीही येतील.

चष्मेवाल्याला बोचायचं ते इथेच. पुढच्या वर्षी शेकाटे येतील, पण ते बघायला दादांपाशी काय उरलेलं असेल, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? मोठी, उघड्यावरची, सहज दिसणारी पाखरं डोळाभर बघून घ्यायचं हे वर्ष. आणि त्याने त्यांना नसलेल्या पाखरामागे चिखलात उभं केलं होतं. मनाशी तो रोज ठरवायचा, आज सांगू. दुकान उघडायच्या आधी सांगू, बंद केल्यावर सांगू. पण एकदा टळलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होते. त्यातच दादांना खोकला धरला. बायको शेक घ्यायची पिशवी घेऊन भावाकडे गेली आणि येताना चिडूनच आली.

"तुम्ही त्याला त्या पाखराचं सांगितलंतच कशाला?" ती म्हणाली. तिने ते सहज म्हटलं होतं. पण खाई त्याला खवखवे. चष्मेवाल्याने ताट बाजूला सारलं.

शेवटी एका पहाटे मनाचा हिय्या करून तो दादांच्या सोबत गेला. बेटापाशी दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. पाण्यावर धुकं होतं. दादा दुर्बीण लावत, खाली घेत, रुमालाने डोळे पुसत आणि पुन्हा लावत. एव्हाना त्यांनी एक युक्ती काढली होती. समोर बघितलं की हवी ती वस्तूच पुसली जाई, म्हणून ते जरा कडेला बघत आणि डोळ्याच्या कोपऱ्याने मधलं पकडत. ते बघून चष्मेवाल्याने तोंड उघडलं. "दादा, तुम्हाला एक सांगायचंय," एवढं म्हटलंही.

तेवढ्यात दादांनी त्याचा दंड घट्ट धरला. "हलू नका. ती बघा. चिखलाच्या कडेला, डावीकडे."

चष्मेवाल्याने दुर्बीण लावली. चिखलाच्या कडेला एक तुतारी होती. डबक्याडबक्यावर दिसणारी, ढुंगण वरखाली हलवत चालणारी साधी तुतारी. तळ्यावर आला त्या पहिल्याच दिवशी दादांनी त्याला ती दाखवली होती, आणि ही चाल एकदा बघितली की माणूस जन्मात चुकत नाही, असंही सांगितलं होतं. तुतारी दोनदा झुकली, दोन पावलं चालली आणि पाणकणसांच्या आड गेली.

दादांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "तीच ना, भाऊजी? तुमचे डोळे चांगले आहेत. सांगा, तीच ना?"

"तीच," चष्मेवाला म्हणाला.

टपरीवर त्या दिवशी दादांनी सगळ्यांना चहा पाजला. नर्सबाईंनी त्यांना मिठी मारली. चष्मेवाला कोपऱ्यात बसून कपातली साय बाजूला करत राहिला. त्याने स्वतःची समजूत घालून बघितली: झालं ते बरंच झालं, म्हातारा सुखावला, चिखलातून सुटला, आता खाणीवर जाऊन शेकाटे बघेल. कोणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते आठवड्याच्या आत कळलं. बायको संध्याकाळी भावाकडून आली ती हसतच. दादा स्वतःहून सांगत होता म्हणे, की मध्ये डोळ्यांचं काहीतरी निघालं होतं, सुई टोचायची म्हणत होते, पण आता गरज नाही. एवढी बारकी फटाकडी ज्याला दिसते त्याच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईची तारीख होती त्या दिवशी तो इस्पितळात गेलाच नाही.

चष्मेवाल्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तो वाकून उचलायला गेला आणि टेबलाखालीच क्षणभर थांबला. वर येऊन तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो म्हणाला, "हो का?" आणि चष्म्याची दांडी बसवत राहिला. तसेच आणखी काही दिवस त्याने घालवले. रोज दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा, तक्ता वाचून घ्यायचा, 'खालची ओळ वाचा' म्हणायचा, आणि कोणी अडखळलं की तीच ओळ पुन्हा वाचायला लावायचा.

मग एका दुपारी त्याने भर धंद्याच्या वेळेला शटर ओढलं आणि तो दादांकडे गेला. दादा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहून चहाच्या कपात साखर घालत होते. चमच्यातली साखर कपाच्या बाहेर सांडत होती, त्यांना ते दिसत नव्हतं. ओट्यावर साखरेचा लहानसा ढीग झाला होता.

"दादा, तुम्ही पाहिलीत ती तुतारी होती," चष्मेवाला दारातूनच म्हणाला. बसलो तर बोलवणार नाही, हे त्याला माहीत होतं.

दादांनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही पाहिलीत ती?"

"मी काहीच पाहिलं नाही. पाणकणीस हललं होतं."

दादा खुर्ची चाचपून बसले. चष्मेवाल्याला वाटलं, आता शिव्या येतील, आणि आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण दादा हळू आवाजात बोलले.

"पहिलं खोटं मी समजू शकतो. दरवर्षी दुसऱ्याचे बूट घासून माणूस कावतो. तुमच्या जागी मीही एखाद्या वर्षी बोललो असतो. पण त्या पहाटे मी तुम्हाला विचारलं होतं. माझ्या डोळ्यांवर भरवसा असता तर विचारलं असतं का?"

"तुम्हाला इतका आनंद झाला होता, की मला..."

"माझ्या आनंदाचं मी बघून घेतलं असतं. तुम्ही पाखरू बघायचं होतंत."

एवढ्या बोलण्यात दादांनी त्याला एकदाही भाऊजी म्हटलं नव्हतं. तो निघाला तेव्हा मागून फक्त इतकंच आलं, की टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगा, तुमचंही आणि माझंही.

ते त्याने दुसऱ्याच सकाळी केलं. सगळे जमले होते. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, काही लपवलं नाही. कोणी रागावलं नाही. नर्सबाई चहा ढवळत राहिल्या. एकाने सरकून त्याला बाकावर जागा करून दिली, ती मात्र दर वेळेपेक्षा जरा जास्तच मोठी होती. त्यानंतर तो काही सांगू लागला की सगळे ऐकून घेत, 'अरे वा' म्हणत, आणि कोणी उठून तिकडे बघायला जात नसे.

बायकोला सांगणं याहून अवघड गेलं. पाखराची गोष्ट तिने हात झटकून बाजूला केली. तिने विचारलं ते वेगळंच. "त्याने सुई चुकवली, हे मी तुम्हाला ज्या संध्याकाळी सांगितलं, त्या संध्याकाळी तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही दांडी बसवत होतात."

भावाला इस्पितळात तीच घेऊन गेली. नवी तारीख मिळायला वेळ लागला. इंजेक्शन देऊन झालं, ते दादांना वाटलं होतं तितकं भयंकर निघालं नाही. पण डाग मधल्या काळात पसरला होता. वेळेवर आले असते तर कमी पसरला असता का, हे चष्मेवाल्याने डॉक्टरांना गाठून, एकट्याने जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, असेलही, नसेलही. या उत्तराने त्याची झोप उडवली ती उडवलीच. 'हो' म्हणाले असते तर निदान गुन्ह्याला मोजमाप मिळालं असतं. आता ते आपल्या मनाने कधी इवलंसं व्हायचं, कधी घर भरून टाकायचं.

उन्हाळा तापू लागला होता तेव्हाची गोष्ट. दुकान बंद करायच्या वेळेला दादा दारात आले. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती. आत न येता त्यांनी विचारलं, उद्या धरणाच्या तळ्यावर येता का? बस सोडते तिथपासूनची पायवाट आता त्यांना नीट दिसत नाही, आणि बहिणीला एवढं चालवत नाही. चष्मेवाला लगेच हो म्हणाला.

"पण एक आहे," दादा म्हणाले. "जे दिसेल तेच सांगायचं. नाही दिसलं तर नाही दिसलं. माझ्यावर दया दाखवाल त्या दिवशी मी नर्सबाईंना घेऊन जाईन."

सकाळी दोघं तळ्याच्या काठावर दगडावर बसले. पाणी खूप आत गेलं होतं. चष्मेवाला जे दिसेल ते सांगत गेला: पाण्यात टिबुकल्या आहेत, पलीकडे पाणकावळे पंख वाळवतायत, खंड्या तारेवर बसलाय. दादा तिकडे तोंड करून, मान जराशी तिरकी धरून ऐकत. कधी त्यांना काही दिसे, कधी नुसतं हललेलं कळे. कळलं नाही तर तसं ते स्पष्ट सांगत.

मग लांबच्या वठलेल्या झाडावर एक मोठा पक्षी येऊन बसला. त्याची सावली दादांनाही जाणवली असावी. ते ताठ झाले. "शिकारी दिसतोय. कोणता?"

चष्मेवाल्याने दुर्बीण लावली. पक्षी नेमका उन्हाच्या बाजूला बसला होता. डोकं, खांदे, शेपटी, सगळं एकच काळं. कोणत्या गरुडासारखा दिसतो हे त्याच्या ओठांवर होतं. या वर्षी दोघांनाही तो गरुड दिसला नव्हता, आणि तो असण्याची शक्यताही बरीच होती. चष्मेवाला बघत राहिला. हात भरून आले तरी बघत राहिला. मग पक्ष्याने पंख उघडले आणि तो झाडामागच्या उतारावर खाली निघून गेला.

"गेला," चष्मेवाला म्हणाला. "मला ओळखता आला नाही. नुसता काळा दिसत होता."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

"बरं," दादा म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला.

ऊन तापल्यावर दोघं परत निघाले. पायवाट उतरणीची होती आणि दगड सुटे होते. दादांनी काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात वाटेपुरताच होता, हे चष्मेवाल्याला कळत होतं. तो दादांपेक्षा उंच होता. दादांना हात उचलून धरायला लागू नये म्हणून, बस थांबते तिथपर्यंत तो एक खांदा खाली पाडून चालला.